मेला की मारला?

२५ मे २०२०च्या रात्री अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या पोलिसांनी एक छोटं पत्रक काढलं. पोलीस एका तक्रारीवरून गेले, संशयिताला बेड्या घालण्यात आल्या, त्याची प्रकृती बिघडल्याचं दिसलं, रुग्णवाहिका बोलावण्यात आली आणि रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला, असा त्याचा आशय होता. वाचणाऱ्याला वाटावं, आजारी माणूस होता, दगावला. पण १७ वर्षांच्या एका मुलीनं तो प्रसंग मोबाइलवर टिपला होता आणि काही तासांतच जगानं तो पाहिला. जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय माणूस रस्त्यावर पालथा पडला होता आणि एका गोऱ्या पोलिसाचा गुडघा त्याच्या मानेवर होता. श्वास घेता येत नाही, असं तो पुनःपुन्हा सांगत होता. न्यायालयात पुढे वेळ मोजली गेली : ९ मिनिटं २९ सेकंद.

मी मराठीत कविता लिहितो आणि पोटासाठी फणसवाडीतल्या एका छापखान्यात अनेक वर्षं मुद्रितं तपासली. मुद्रितं तपासणाऱ्याला एक खोड लागते. वाक्य दिसलं की तो कर्ता, कर्म, क्रियापद जुळवून पाहतो. त्या पत्रकात मेलेला माणूस होता, मरण होतं; कर्ता मात्र नव्हता. अमेरिकेत वंश, पोलीस आणि आंदोलनं यांवर जो वाद चालू आहे, त्याच्या मुळाशी मला हा हरवलेला कर्ताच दिसतो. माणूस मेला की मारला गेला? मारला, तर कुणी? आणि हे ठरवायचं कुणी?

त्या वादाच्या दोन्ही बाजू आपण नीट ऐकायला हव्यात. एक बाजू म्हणते, की तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत पळून जाणाऱ्या गुलामांना पकडण्यासाठी गस्ती पथकं होती. गुलामगिरी १८६५मध्ये कायद्यानं संपली, पण काळा माणूस दिसला की संशय घ्यायचा, ही नजर संपली नाही. मार्च १९९१मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंगला केलेली मारहाण कॅमेऱ्यात आली होती. तरीही एप्रिल १९९२मध्ये ज्यूरीनं ते पोलीस दोषी नसल्याचा निर्णय दिला आणि शहर पेटलं. ६०हून अधिक माणसं गेली. २०१३पासून ‘ब्लॅक लाइव्हज मॅटर’ ही घोषणा घेऊन लोक रस्त्यावर येऊ लागले, ते या अनुभवातून. दुसरी बाजू म्हणते, की त्या देशात घरोघरी बंदुका आहेत, पोलीसही जीव मुठीत धरून काम करतो. चार जणांच्या पापासाठी सगळ्या दलाला झोडपू नका. २०२०च्या आंदोलनात दुकानं लुटली गेली, मिनियापोलिसचं एक पोलीस ठाणं जाळलं गेलं. त्याचं समर्थन करता येत नाही. तरी मूळ प्रश्न त्या आगीत जळत नाही.

आपला या वादाशी संबंध काय, असं कुणी विचारील. मित्रहो, संबंध जुना आहे. महात्मा फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, तो निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये शिकले, आणि १९४६मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे मांडल्या गेलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. १९६६मध्ये ओकलंडमध्ये ‘ब्लॅक पँथर’ स्थापन झाली. पोलिसांच्या वागण्यावर नजर ठेवत गस्त घालणं, हेच तिचं सुरुवातीचं काम होतं. १९७२मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्यासारख्या तरुणांनी मुंबईत ‘दलित पँथर’ उभी केली, तेव्हा नाव तिथूनच घेतलं. आपल्याकडे कातडीच्या रंगाचं काम आडनाव करतं, वस्तीचा पत्ता करतो.

नावही करतं. एका रात्री नाकाबंदीत मला थांबवलं. रात्री तपासणी व्हावी, यात गैर काही नाही. हवालदारानं कुठून आलात, कुठं चाललात विचारलं, मी उत्तरं दिली. तोवर त्याच्या लेखी मी ‘काका’ होतो. मग नाव विचारलं. नाव ऐकल्यावर पिशवी उघडायला लावली, आतली मुद्रितं एकेक करून पाहिली आणि ‘मराठी चांगलं बोलता की!’ असं प्रशस्तिपत्रही दिलं. माझी मायबोली आहे, एवढंच मी म्हणालो. त्यानं जाऊ दिलं. गोष्ट एवढीशीच. फ्लॉइडच्या मरणाशी तिची तुलना होत नाही. पण नाव ऐकताच बदललेला आवाज ही त्या जिन्याची पहिली पायरी असते, आणि वरच्या पायरीवर बंदूक असते.

आमच्या गिरगावाला पोलिसांची गोळी अनोळखी नाही. २१ नोव्हेंबर १९५५ला संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक फ्लोरा फाउंटनला जमले आणि गोळीबार झाला. त्या दिवशी १५ जण गेले. जानेवारी १९५६मध्ये पुन्हा गोळ्या चालल्या. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. फणसवाडीच्या चाळींतल्या वडीलधाऱ्यांकडून हे ऐकत मी मोठा झालो. हुतात्म्यांची संख्या कोणी १०५ सांगतं, कोणी १०६, कोणी १०७. त्यांची छापील यादी सीताराम बनाजी पवार या नावानं सुरू होते. पुढे जोसेफ डेव्हिड पेजारकर आहेत, महमद अली आहेत, सय्यद कासम आहेत, मुनशी वझीरअली आहेत, होरमसजी करसेटजी आहेत. मराठी राज्यासाठी कोणकोण गेलं, हे ती यादी न बोलता सांगते.

त्या वेळचं सरकारही ‘जमाव हिंसक झाला होता’ असंच म्हणत होतं. महाराष्ट्रानं ते मानलं नाही. आपण त्या माणसांना ‘जमाव’ म्हणत नाही, ‘हुतात्मे’ म्हणतो, चौकाला त्यांचं नाव देतो, १ मेला फुलं वाहतो. योग्यच आहे. माझा प्रश्न एवढाच, की ही दृष्टी आपण सगळ्यांसाठी ठेवतो का?

घाटकोपरला, पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ला सकाळी तिथल्या लोकांना बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक संतापले, महामार्गावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिनं गोळीबार केला. १० जण ठार झाले, २०हून अधिक जखमी झाले. पोलिसांचं म्हणणं आलं : रस्त्यावर गॅसचे टँकर उभे होते, जमाव ते पेटवणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला.

‘करावा लागला.’ मराठीतला हा प्रयोग मोठा सोयीचा आहे. ‘मी केला’ म्हटलं की जबाबदारी आली. ‘करावा लागला’ म्हटलं की परिस्थिती पुढे येते आणि करणारा मागे सरतो.

त्या वस्तीच्या दुःखानं शाहीर विलास घोगरे यांना घेरलं. गरिबांच्या मोर्चांना ज्यांनी गाणी दिली, त्या घोगऱ्यांनी १५ जुलैला मुलुंडला आपल्या झोपडीत गळफास घेऊन जीवन संपवलं. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट त्यांच्यापासूनच सुरू होतो.

न्या. गुंडेवार यांचा चौकशी आयोग बसला. त्यानं टँकरचा बचाव मान्य केला नाही, गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि त्याची जबाबदारी तुकडीचे उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्यावर टाकली. म्हणजे वाक्याला कर्ता मिळाला. पण आयोगाचा अहवाल हा न्यायालयाचा निकाल नसतो. सत्र न्यायालयानं कदम यांना सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरून जन्मठेप दिली, तेव्हा मे २००९ उजाडला होता. घटनेला जवळजवळ १२ वर्षं झाली होती. कदम उच्च न्यायालयात गेले आणि त्यांना जामीन मिळाला. मिनियापोलिसच्या डेरेक शॉविन या पोलिसाला ज्यूरीनं दोषी ठरवलं एप्रिल २०२१मध्ये, ११ महिन्यांत. जूनमध्ये साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. म्हणून अमेरिकेचं सगळं आलबेल आहे, असं नव्हे. तिथंही असे बहुतेक पोलीस खटल्यापर्यंत पोचतच नाहीत. फ्लॉइडच्या वेळी चित्रण होतं, आणि रस्त्यावर लाखो लोक होते.

उशीर का होतो, हे कायद्यातही पाहायला हवं. बेकायदा जमाव पांगवण्याचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२९व्या कलमात होता. १ जुलै २०२४पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४८व्या कलमात आहे. आधी पांगण्याचा हुकूम द्यायचा. लोक हटले नाहीत, तरच बळ वापरायचं. गोळीबार हा शेवटचा उपाय. पण त्याच कायद्यात, आधी १३२व्या आणि आता १५१व्या कलमात, या कामाबद्दल पोलिसावर खटला भरायचा तर सरकारची मंजुरी लागते. प्रामाणिक अधिकाऱ्याला खोट्या तक्रारींपासून संरक्षण हवं, हे खरं. पण ज्या सरकारचे पोलीस, त्याच सरकारची परवानगी. मग ती फाइल कुठल्या टेबलावर किती दिवस पडेल, कुणी सांगावं? अमेरिकेतही न्यायालयांनी घडवलेलं असंच एक कवच आहे. तसंच वागणं बेकायदा असल्याचं आधीच्या निकालांतून स्पष्ट झालेलं नसेल, तर पोलिसाविरुद्धचा भरपाईचा दावा टिकत नाही.

लॉस एंजेलिस पेटलं त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई पेटली. न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मिळून ९०० माणसं मेली : ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ अनोळखी आणि ५ इतर. यांतली ३५६ पोलिसांच्या गोळीबारात गेली. पोलिसांच्या मनात मुसलमानांविषयी पूर्वग्रह होता, असं आयोगानं स्वच्छ लिहिलं आणि ३१ पोलिसांची नावं दिली. मी तेव्हा विशीत होतो. त्या दिवसांबद्दल बोलताना माझा आवाज आजही चढतो, म्हणून इथं आकडेच सांगतो.

आणि हे सांगणारा मी पोलिसांचा वैरी नाही. फणसवाडीहून चालत गिरगाव चौपाटीला जाता येतं. तिथंच २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्या दिशेला माझी मान आपोआप झुकते. बारा-बारा तास बंदोबस्ताला उभा राहणारा शिपाईही आपल्यासारखाच चाळीतला माणूस असतो. पण ओंबळ्यांच्या वर्दीचा मान राखायचा, तर तीच वर्दी घालून अन्याय करणाऱ्याचा हिशेब मागायलाच हवा. एका वाक्यात कर्त्याचं नाव अभिमानानं घ्यायचं आणि दुसऱ्यात ते लपवायचं, हे चालणार नाही.

उपाय ठाऊक नाहीत, असं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००६मध्ये प्रकाश सिंग यांच्या खटल्यात प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं. डिसेंबर २०२०मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं. कागद तयार असतात. वेळ आली की हलत नाहीत. डिसेंबर २०२४मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, अटकसत्र झालं. अटक झालेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला कोठडीत असताना तो गेला. गुन्हा नोंदवा, हा आदेश मिळायला जुलै २०२५मध्ये उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. १९९७ला पुतळा होता, २०२४ला संविधान. क्रम मात्र तोच. आधी विटंबना, मग संताप, मग दंडुका, मग मरण, आणि शेवटी कर्ता नसलेलं निवेदन.

आपल्या हाती काय आहे? आपण वाचक आहोत, श्रोते आहोत. ‘गोळीबार करावा लागला’, ‘कोठडीत मृत्यू झाला’ असं वाक्य कानी पडलं, तर तिथंच थांबून विचारावं : हुकूम कुणाचा होता? आधी इशारा दिला होता का? चौकशी कोण करतंय, ज्यांच्यावर आरोप आहे त्यांचेच सहकारी की दुसरं कुणी? मेलेल्याचं आडनाव कोणतं, हा प्रश्न मात्र विचारू नये. हुतात्मा चौकात आपण तो विचारत नाही. घाटकोपरला आणि परभणीलाही विचारायचं कारण नाही.