स्कॅनरचा आकडा आणि ओटीपोटातली गाठ

ऑपरेशननंतर पेशंटला लघवी होत नसेल, तर मोठ्या हॉस्पिटलांत सिस्टर ब्लॅडर स्कॅनर घेऊन येतात. ओटीपोटावर जेल लावायचं, प्रोब टेकवून थोडा खाली कलवायचा, बटण दाबायचं. काही सेकंदांत पडद्यावर आकडा येतो: ४०० मिली. नळी न घालता मूत्राशयात किती लघवी आहे ते कळतं, ही मोठीच सोय. पण हा आकडा येतो कसा, हे कळलं की तो कुठे फसतो तेही कळतं.

प्रोबमधून निघालेल्या ध्वनिलहरी मऊ ऊतींमधून सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातात आणि वाटेतल्या पृष्ठभागांवर आपटून परततात. परतायला लागलेल्या वेळावरून यंत्र अंतर काढतं. स्नायू, चरबी, आतडी करड्या रंगात उमटतात. लघवीतून मात्र जवळजवळ काहीच परत येत नाही, म्हणून ती जागा काळी दिसते. यंत्र वेगवेगळ्या कोनांतून छेद घेतं, प्रत्येकातल्या काळ्या भागाची कड शोधतं आणि त्यावरून घनफळ मांडतं.

मेख इथेच आहे. यंत्र काळी जागा मोजतं. ती लघवीचीच आहे की नाही, हे त्याला ठरवता येत नाही. अंडाशयात पाण्याने भरलेली गाठ असेल तर तीही तशीच काळी दिसते. ८ सेंटीमीटर व्यासाच्या गोल गाठीत साधारण २७० मिली द्रव मावतो. मूत्राशय रिकामं असलं तरी तेवढी ‘लघवी’ पडद्यावर येऊ शकते. जलोदराचं पाणीही असाच घोटाळा करतं. पुन्हा स्कॅन केला तरी आकडा तसाच येतो आणि सगळ्यांची खात्री पटते. वास्तविक, तीच चूक दुसऱ्यांदा मोजली गेलेली असते.

गर्भाशयातल्या फायब्रॉइडची तऱ्हा निराळी. ती गाठ बहुधा घट्ट असते, त्यामुळे काळी दिसत नाही. पण मूत्राशयाला दाबून वेडावाकडा आकार देते. त्याचा काही भाग प्रोबच्या टप्प्याबाहेर गेला तर आकडा कमी येतो. शिवाय मोठा फायब्रॉइड लघवीची वाट दाबून ती खरोखरच अडवूही शकतो. म्हणून गाठ आहे एवढ्यावरून आकडा खोटा ठरवणंही धोक्याचं.

मग खरं काय ते ठरवायचं कसं? नळी घातली, ती जागेवर आहे आणि तुंबलेली नाही याची खात्री केली, लघवी आली ५० मिली, आणि नंतरच्या स्कॅनमध्येही ४०० दिसताहेत, तर नळीवर विश्वास ठेवावा. पुढची पायरी रेडिओलॉजिस्टकडून पूर्ण सोनोग्राफी. तिथे चित्र स्पष्ट होतं: आक्रसलेल्या मूत्राशयात नळीचा छोटा गोल फुगा दिसतो आणि त्याच्याबाहेर, स्वतःची वेगळी भिंत असलेली, मोठी काळी पोकळी. ती गाठ. हे न करता केवळ आकड्यापायी पुन्हा पुन्हा नळी घातली, तर बाईला विनाकारण त्रास होतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. मूळ गाठीचं निदान लांबतं ते वेगळंच.

तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला फायब्रॉइड, अंडाशयाची गाठ किंवा पोटात पाणी असल्याचं आधी सांगितलं गेलं असेल, तर स्कॅनर लावण्यापूर्वीच सिस्टरांना तसं सांगा. जुना सोनोग्राफी रिपोर्ट असेल तर तोही दाखवा.