मालगाडी वाढली, मालधक्के ओस पडले

मुंबई-ठाणे गाडीचे 1853 हे साल सर्वांना पाठ असते. पण इथल्या रेल्वेत पैसा ओतणाऱ्यांचा डोळा होता कापसावर. लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता. 1863 मध्ये बोरघाट, 1865 मध्ये थळघाट पार करून रूळ देशावर आले. त्यापायी हजारो मजुरांनी जीव गमावले. पुढे खामगावच्या बाजारपेठेसाठी खास फाटाही टाकला गेला.

स्वातंत्र्यानंतर, 1950-51 मध्ये रेल्वेने सुमारे 7.3 कोटी टन माल वाहिला. भिलई, राउरकेला, दुर्गापूरचे पोलाद आणि त्यांना लागणारा कोळसा यांमुळे तीस वर्षांत हा आकडा 20 कोटींच्या जवळ गेला. पण तोवर व्यवस्थेचा दम संपत आला होता. एकाच गाडीत दहा गावांच्या वाघिणी, म्हणजे मालडबे. यार्डात त्या सोडायच्या, वेगळ्या करायच्या, दुसऱ्या गाडीला जोडायच्या. पुढच्या यार्डात पुन्हा तेच. मुगलसरायसारख्या यार्डांत वाघिणी दिवसेंदिवस अडकून पडत.

माझ्या मते खरे वळण आले ते 1980 नंतर. एम. एस. गुजराल तेव्हा रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष होते. खाणीवर अख्खा रेक, म्हणजे पूर्ण गाडीभर वाघिणी, भरायचा आणि मधली यार्डे टाळून तो थेट वीजकेंद्रात रिकामा करायचा, ही पद्धत त्यांनी नेटाने रुजवली. एअर ब्रेकच्या नव्या वाघिणी आल्या, विद्युतीकरण वाढले. 1990-91 मध्ये जवळपास 32 कोटी टन, 2012-13 मध्ये 100 कोटींच्या वर, 2024-25 मध्ये 161 कोटी! त्यातला निम्मा कोळसा.

या पद्धतीची किंमत मोजली छोट्या व्यापाऱ्याने. अख्खा रेक भरण्याइतका माल त्याच्याकडे नव्हता. तो ट्रककडे वळला आणि लहान स्टेशनांवरचे मालधक्के ओस पडले. स्वातंत्र्यानंतर देशातला चार-पंचमांशाहून अधिक माल रुळांवरून जायचा, आता जेमतेम चौथ्या हिश्शाच्या थोडा वर. ही घसरण मला टनांच्या वाढीइतकीच महत्त्वाची वाटते.

मालगाड्यांसाठी वेगळे मार्ग झाले, हे फार चांगले झाले. दिल्लीजवळचे दादरी ते जेएनपीटी बंदर या 1,506 किलोमीटरच्या मार्गावर विजेच्या तारांखालून दुमजली कंटेनर धावतात. त्यातला वैतरणा ते जेएनपीटी हा आपल्याकडचा टप्पा मात्र सर्वांत मागे रेंगाळला. आणि थोडका माल? त्यासाठी ऑगस्ट 2020 मध्ये देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली होती. वाटेतल्या स्टेशनांवरही तिच्यात माल चढवता येई, भाड्यात निम्मी सवलत होती. सवलत थांबली, तशा त्या गाड्याही आटल्या. त्या पुन्हा सुरू व्हायला हव्यात, तोटा सोसूनही.