विष आणि गरळ

साप, विंचू, कण्हेर आणि कीटकनाशक औषध या चारहि वस्तूंस आपण सरसहा ‘विषारी’ म्हणतों. कोशांतहि विष व गरळ हे शब्द पर्याय म्हणून आढळतात. परंतु ज्यास शेतांत वावरावयाचें आहे त्यानें दोहोंतील भेद ओळखणें अगत्याचें आहे. कारण बाधेचा मार्ग निराळा, तसा उपायहि निराळा.

विष गिळल्यानें, श्वासावाटे किंवा कातडींतून शरीरांत शिरतें. गरळ मात्र प्राण्याच्या ग्रंथींत तयार होते व दांत किंवा नांगी यांच्या द्वारें अंगांत टोंचली जाते. कण्हेर खाल्ली तर बाधते, पण ती कोणास डंख करीत नाहीं. म्हणून तिच्या अंगीं विष आहे, गरळ नाहीं.

वसई-विरारकडे भाताच्या उडव्यांत व केळीच्या बागांत उंदरांच्या मागें साप येतात. नाग व मण्यार यांची गरळ मज्जातंतूंवर, तर घोणस व फुरसें यांची मुख्यतः रक्तावर परिणाम करिते. या चौघांवर चालणारी लस घोड्यांस गरळ अल्प प्रमाणांत टोंचून त्यांच्या रक्तांतून तयार करितात. परळच्या हाफकीन संस्थेचें नांव या कामीं सर्वांस ठाऊक आहे. ही लस फवारणीच्या औषधावर मात्र निरुपयोगी होय.

फवारणीची बाधा केवढी भयंकर असते हें २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत दिसून आलें. तेथें फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक माणसें दगावलीं. सेंद्रिय फॉस्फरस वर्गांतील औषधांच्या बाधेवर डॉक्टर ॲट्रोपीन देतात. पण कोणतें औषध बाधलें हें त्यांस आधीं कळलें पाहिजे.

यास्तव पुढील गोष्टी घरांतील सर्वांस सांगून ठेवाव्या. सर्पदंश झाल्यास रोग्यास निश्चल ठेवावें, दंशाचा अवयव हलूं देऊं नये. कापणें, चोखणें व करकचून बांधणें टाळून थेट रुग्णालय गांठावें. औषध अंगावर सांडल्यास भिजलेले कपडे उतरवून अंग साबण व पाण्यानें धुवावें. औषध पोटांत गेल्यास आपण होऊन ओकारी करवूं नये. डबा किंवा त्यावरील चिठ्ठी डॉक्टरांकडे न्यावी. डब्यावरील त्रिकोण तांबडा असेल, तर तें विष अत्यंत उग्र समजावें.

डॉक्टरांपुढें नुसतें ‘विष बाधलें’ न म्हणतां ‘साप चावला’ किंवा ‘अमुक औषध फवारलें’ असें स्पष्ट सांगावें. तेवढ्यानें उपचाराचा मोलाचा वेळ वांचतो.