जिप्सी किती उचलावी?

लोणंदच्या आसपास नीरा उजव्या कालव्याच्या भिजवणीतलं उसाचं रान लागलं की शेतवाटांचं रूप पालटतं. तोडणीच्या हंगामात भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या दोन्ही अंगांना खोल चाकोऱ्या पाडतात आणि मधोमध मातीचा वरंबा उरतो. जुन्या मारुती जिप्सीची चाकं चाकोरीत उतरली की तो वरंबा डिफरन्शियलच्या गोळ्याला घासतो. गाडी चार इंच उचलून घ्यावी, हे मालकाच्या मनात येतं ते अशा जागी.

पण इथेच फसगत होते. जिप्सीला पुढे-मागे अखंड ॲक्सल आहेत. स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी उचलली तर वर जाते ती बॉडी आणि चासी. ॲक्सलमधलं डिफरन्शियल तसूभरही हलत नाही. ते उचलायला टायरच मोठे लागतात. जिप्सी किंगच्या २०५/७० आर १५ टायरचा व्यास सुमारे ६६८ मिमी, तर २१५/७५ आर १५ चा सुमारे ७०३ मिमी. त्या फरकाचा निम्माच भाग उंचीत मिळतो, म्हणजे जेमतेम १८ मिमी. लिफ्ट किटचा उपयोग वेगळा आहे: मोठा टायर वळताना मडगार्डला लागत नाही आणि ओढ्याच्या काठावर बंपर आधी टेकत नाही.

१९८५ च्या डिसेंबरात ९७० सीसी इंजिन घेऊन आलेली ही गाडी १९९६ मध्ये १३०० सीसीची ‘किंग’ झाली आणि २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठी बंद झाली. चारही चाकांवर ट्रकसारखे पाटे असल्याने तिचं काम कुठल्याही पाटेवाल्याला समजतं.

सर्वांत स्वस्त तोडगा लांब शॅकलचा. शॅकल दोन इंचांनी वाढवला तर गाडी साधारण एकच इंच वर येते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागेवरच असतं. शिवाय ॲक्सल किंचित फिरतो आणि स्टिअरिंगचा कास्टर बिघडतो. जास्त कमानीचे नवे पाटे घालून दोनेक इंच मिळवणं हा शहाणपणाचा मार्ग. मुळात ॲक्सलखाली असलेले पाटे वर घेतले तर एकदम पाचेक इंच मिळतात, पण मग जोर लावताना ॲक्सल पिळवटतो, ड्रॅग लिंक तिरपी होते, शाफ्टच्या क्रॉसवर ताण येतो. २०१४ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत उतरणाऱ्या गाड्यांना असे बदल शोभतात. रोज फलटणला जाणाऱ्या गाडीला नाहीत.

कारण उंचीबरोबर गुरुत्वमध्यही चढतो. जिप्सीची अमेरिकेतली बहीण सुझुकी सामुराई. १९८८ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने ती सहज उलटते असं छापलं, कंपनीने १९९६ मध्ये दावा लावला आणि २००४ मध्ये तडजोड झाली. त्या वादात कोण बरोबर होतं ते बाजूला ठेवलं, तरी सालप्याच्या घाटातल्या वळणावर उंच, अरुंद गाडीला सावकाशच घ्यावं लागतं. भारतात १९९३ मध्ये जिप्सीच्या चाकांमधलं अंतर ९० मिमीने वाढवलं होतं. त्याआधीची गाडी उचलण्याचा मोह टाळलेला बरा.

कायदाही लक्षात घ्यावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. जुन्या गाडीला १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण आणि तपासणी असतेच, म्हणून पाट्यांना हात लावण्याआधी साताऱ्याच्या आरटीओत लेखी विचारणा करावी.

काम करून घेताना मालकाने गाडीपाशी उभं राहावं. पाट्यांच्या मधल्या सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलं का, हे बोटाने चाचपून बघावं. ते बाहेर राहिलं तर ॲक्सल सरकतो. यू बोल्ट नवेच घालावेत. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळले तर रबर पिळलेल्या स्थितीत अडकतं आणि लवकर फाटतं; शेवटचा आवळा चाकं जमिनीवर आल्यावरच द्यायचा. मग ॲक्सल मोकळा लोंबकळू देऊन ब्रेकच्या रबरी नळ्या ताणत नाहीत ना, ते दोन्ही बाजूंनी वाकून पाहायचं. ताणत असतील तर लांब नळ्या येईपर्यंत गाडी बाहेर काढू नये. हेडलाइटचा झोत खाली घ्यायचा, आणि काही शे किलोमीटर झाले की यू बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे.