एक गळा, किती आवाज!

पोकेमॉनमधली टीम रॉकेटची जेसी आठवते ना? आपण तिला हिंदीतून ऐकलं. मूळ जपानीत तिचं नाव मुसाशी, आणि १९९७ मध्ये तिला आवाज दिला मेगुमी हायाशिबारा यांनी.

जपानमध्ये आवाजाच्या कलाकाराला ‘सेइयू’ म्हणतात. तिथे हे रीतसर करिअर आहे. ट्रेनिंग, ऑडिशन, एजन्सी, सगळं आलं. १९६७ मध्ये टोकियोत जन्मलेल्या हायाशिबारांनी नर्सिंग आणि आवाजाचं ट्रेनिंग एकाच वेळी केलं. नर्स म्हणून पासही झाल्या. पण १९८६ मध्ये ‘मेझॉन इक्कोकु’त छोटी कामं मिळाली आणि गाडी तिकडेच वळली.

मला भारी वाटतं ते १९९५ हे वर्ष. ‘स्लेयर्स’मधली लीना म्हणजे नुसता आरडाओरडा, तर ‘इव्हॅन्जेलियन’मधली रेई अगदी हळू, सपाट बोलणारी. दोघी एकाच गळ्यातल्या! शिवाय ‘स्लेयर्स’चं टायटल साँगही त्यांनी मासामी ओकुईंसोबत गायलं.

आधी डिग्री की आधी आवड, हा आपला मेसमधला कायमचा वाद. हायाशिबारांनी दोन्ही पुरं केलं आणि मग निवडलं. निवडावं मात्र लागलंच.