कुलूपबंद दार आणि मालकाचे कर्तव्य

आगीत माणसे दगावली की आपण दैवाला बोल लावून मोकळे होतो. तथापि मोठ्या आगींची हकिगत बारकाईने वाचू लागले म्हणजे आम्हांस दैवापेक्षा बंद दारे आणि अडलेले जिनेच अधिक दिसतात.

न्यूयॉर्क शहरातील ट्रँगल या शिवणकारखान्याचे उदाहरण जगभर दिले जाते. दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर तो चाले. कामगार बहुतेक परदेशांतून आलेल्या तरुण मुली. २५ मार्च १९११ रोजी, काम सुटण्याची वेळ होत आली असता, आठव्या मजल्यावरील चिंध्यांनी पेट घेतला. दहाव्या मजल्यावर टेलिफोनने वर्दी पोहोचली. नवव्या मजल्यावरील मुलींना मात्र ज्वाळा दिसल्या तेव्हाच कळले. तेथील एका जिन्याच्या दारास कुलूप होते. कोणी माल चोरून नेऊ नये म्हणून जाताना पिशव्या तपासल्या जात. त्यासाठी सर्वांनी एकाच दाराने बाहेर पडावे अशी ती व्यवस्था. बाहेरचा लोखंडी जिना कोसळला. बंबाच्या शिड्या सहाव्या मजल्याच्या आसपासच खुंटल्या. १४६ जीव गेले. इमारत अग्निरोधक म्हणून बांधलेली होती. ती आजही उभी आहे. दारास कुलूप असल्याचे मालकांना त्या वेळी ठाऊक होते, हे सिद्ध न झाल्याने ते खटल्यातून निर्दोष सुटले. पुढे राज्याने चौकशी आयोग नेमला आणि कारखान्यांचे कायदे कडक केले.

‘आम्हांस ठाऊक नव्हते’ ही सबब मालकाच्या तोंडी शोभत नाही. ठाऊक करून घेणे हेच त्याचे पहिले कर्तव्य होय. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमातील ३८ व्या कलमाने आगीला प्रतिबंध, सुटकेचे सुरक्षित मार्ग, विझविण्याची साधने आणि कामगारांना त्यांचे शिक्षण, हे सारे बंधनकारक केले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. इजा घडविणाऱ्या धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवणे हे तिने मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. कामगारासही सुरक्षिततेची माहिती मागण्याचा व उणीव दाखविण्याचा हक्क दिला आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेस ती सर्वसाधारणपणे लागू होत नाही. पण धूर काही हजेरीपट पाहून येत नाही.

हे दूरदेशीचे, जुन्या काळचे म्हणून सोडून देता येत नाही. सिकंदराबादेतील भोईगुडा भागात २३ मार्च २०२२ च्या पहाटे भंगाराच्या गुदामास आग लागली. वरच्या मजल्यावर निजलेले बिहारचे ११ मजूर प्राणास मुकले. खाली उतरण्यास एकच चक्राकार जिना होता.

आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांचे छापखाने, कापडदुकाने, खानावळी वा लहान कारखाने आहेत. अशा प्रत्येक मालकाने वर्षातून एकदा तरी, आणि जागेत वा यंत्रांत बदल केला की पुन्हा, वही घेऊन आपल्या जागेत फिरावे व चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. येथे जळण्यासारखे काय साठले आहे? ठिणगी कोठून पडू शकेल? रात्री कोणी निजते काय, कोणी वृद्ध वा अपंग आहे काय? एक वाट धुराने भरली तर दुसरी कोणती, आणि ती आत्ता, या क्षणी, किल्लीवाचून उघडते काय? उत्तरात जी उणीव निघेल तिच्यापुढे दुरुस्तीची तारीख व जबाबदार माणसाचे नाव घालावे. तज्ज्ञांच्या तपासणीची जागा ही वही घेणार नाही. पण जिन्यात रचलेली खोकी दूर करण्यास तज्ज्ञ लागत नाही.

ज्यांची मुले-मुली दुसऱ्याकडे नोकरीस आहेत, अशा वाचकांस आमची एक विनंती आहे. आज संध्याकाळी ती घरी आली म्हणजे पगाराबरोबर एवढेही विचारावे: ‘बाळ, तुझ्या कचेरीला दुसरे दार कोणते? ते उघडून पाहिले आहेस का?’