डोंगर, सुट्टी आणि मैत्री

मैत्री या विषयावर बोलण्यासाठी एखादा कवी किंवा मानसशास्त्राचा प्राध्यापक बोलवायचा सोडून हमालांच्या संघटनेत काम करणारा माणूस का बोलावला, असा प्रश्न आपणांपैकी कित्येकांना पडला असेल. तो रास्तच आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयांत आणि मोर्चांत झाले. परंतु गेली पंचवीस वर्षे लातूर आणि नांदेड येथल्या आडत बाजारांतील हमाल, मापाडी आणि मुनीम यांच्याबरोबर मी आजूबाजूच्या टेकड्या चढत आलो आहे. एरवी ज्यांची गाठ फक्त पोत्यापाशी किंवा हिशेबाच्या वहीपाशी पडते, ती माणसे तेथे एकमेकांची मित्र कशी होतात हे मी जवळून पाहिले आहे. तेवढ्याच अधिकाराने मी बोलणार आहे.

आता कोणी म्हणेल, मराठवाड्यात डोंगर आहेतच कोठे? हरिश्चंद्रगड, राजमाची, रायगड ही नावे घेतली की ती पुण्या-मुंबईकडची गोष्ट वाटते. पण बालाघाटची रांग अहिल्यानगर, बीड, धाराशिव करीत आपल्या लातुरापर्यंत येते, आणि लातूर त्याच पठारावर वसलेले आहे. नांदेड गोदावरीच्या काठी समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर, तर लातूर ६३० मीटरच्या आसपास. म्हणजे नांदेडहून लातूरला येणारा माणूस एस.टी.त बसल्या बसल्या पावणेतीनशे मीटर चढतो आणि त्याला पत्ताही लागत नाही! चालत चढायचे तर औसा तालुक्यातील खरोशाची लेणी आहेत, उदगीर तालुक्यात देवर्जनजवळचे हत्तीबेट आहे, आणि नांदेड जिल्ह्याच्या टोकाला माहूर आहे. माहूरला रेणुकेचा डोंगर, दत्तशिखर, अनसूयेचे शिखर आणि सोनापीरचा दर्गा हे सारे एका परिसरात येते, आणि नारळी पौर्णिमेच्या परिक्रमेला खेड्यापाड्यांतून हजारो माणसे पायी येतात. त्यांच्यापैकी कोणी स्वतःला गिर्यारोहक म्हणवून घेत नाही. पण गेल्या वर्षीच्या परिक्रमेत भेटलेला माणूस यंदा नेमका त्याच वळणावर वाट पाहत उभा असलेला मी पाहिला आहे.

एक शंका मला नेहमी विचारली जाते. हमाल दिवसभर ओझे वाहतो. सुट्टीच्या दिवशी तो आणखी पाय दुखवायला डोंगरावर कशाला जाईल? मीही आमच्या एका हमालाला हेच विचारले होते. तो म्हणाला, "तरास पायाला हाय, पण पाठ रिकामी असती की!" मी कामाला लागलो तेव्हा शंभर किलोचे पोते सर्रास पाठीवर येत असे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाला ५५ किलोंपेक्षा जास्त भार उचलायला लावू नये अशी शिफारस केली होती. ती आमच्या बाजारात पोचायला फार वर्षे लागली. आता पन्नास किलोचा कट्टा असतो. तरीही ज्याची पाठ रोज दुसऱ्याच्या मालाखाली असते, त्याला मोकळ्या पाठीने चालणे म्हणजे काय वाटते, हे गादीवर बसणाऱ्याला सांगून कळणार नाही.

मैत्री जमते ती कशी? माझ्या मते यात गूढ फारसे नाही. पाऊलवाट एका माणसापुरतीच असते. पुढच्याची पाठ तुम्हांला दिसते, तोंड दिसत नाही. समोरासमोर बसून जे बोलायला जीभ रेटत नाही, ते माणूस पुढच्याच्या पाठीशी सहज बोलतो. कर्ज, मुलीचे मोडलेले लग्न, दारू, या गोष्टी मी युनियनच्या कचेरीत वर्षानुवर्षे ऐकल्या नव्हत्या त्या चढावर ऐकल्या. दुसरे असे की, तेथे गप्प राहिले तरी चालते. दम लागलेला असतो, त्यामुळे न बोलण्याचा कोणी राग मानत नाही. आणि तिसरी गोष्ट चालीची. आमच्यात एक नियम आहे: सर्वांत हळू चालणारा पुढे. त्याच्या पावलाने सगळ्यांनी चालायचे. बाजारात याच्या नेमके उलटे असते. जो थप्पी आधी लावील त्याला पुढची गाडी, आणि मागे पडणारा मागेच.

मात्र डोंगरावर गेले की सगळे समान होतात, असे जे म्हणतात त्यांचे म्हणणे मला मान्य नाही. एकाच्या पायांत बूट असतात, दुसऱ्याच्या पायांत झिजलेली चप्पल. एकाचा डबा मधोमध उघडला जातो, दुसऱ्याचा जरा बाजूला. जात गावात ठेवून कोणी वर चढत नाही. फरक एवढाच की तेथे माणसाला माणसाची गरज लवकर लागते, आणि ती लपवता येत नाही.

आमच्या मंडळीत एक शाळामास्तर आहेत. माणूस सज्जन, वाचलेला, पण सुरुवातीला त्यांचा डबा आणि पाण्याची बाटली नेहमी वेगळी असे. कोणी काही बोलत नसे. एकदा हत्तीबेटावरून उतरताना त्यांचा पाय मुरगळला आणि घोटा पाहता पाहता सुजला. आमच्यातल्या एका हमालाने त्यांना पाठीवर घेतले. ओझे वाहणे ही एक विद्या आहे, हे त्या दिवशी गुरुजींना कळले असावे. भार कमरेवर येऊ द्यायचा नाही, वरच्या पाठीवर पेलायचा. अंग पुढे झुकवायचे, पाऊल आखूड टाकायचे, श्वास पावलाशी जुळवायचा. गुरुजी संकोचाने सारखे बोलत होते, "मला उतरव, तुला त्रास होतो आहे." तेव्हा हा म्हणतो, "गुर्जी, पोतं बोलत नसतंय. तुम्ही लई बोलू लालाव. गप बसा, वजन कमी हुतंय!" वर-खाली सगळे हसले, गुरुजीही हसले. पुढच्या खेपेला त्यांचा डबा मधोमध होता. याचे कारण मी त्यांना विचारले नाही.

ज्याच्या पाठीवर ओझे, त्याच्याशी मैत्री होते, याचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण मला तेनसिंग नोर्गे आणि रेमाँ लाम्बेर यांचे वाटते. तेनसिंग हा १९३५ साली एव्हरेस्टच्या मोहिमेत प्रथम गेला तो ओझे वाहणारा म्हणून. आमच्या भाषेत हमाल. लाम्बेर हा जिनिव्हाचा वाटाड्या. १९३८ साली हिमदंशाने त्याच्या पायांची बोटे गेलेली होती. १९५२ सालच्या स्विस मोहिमेत हे दोघे एका दोराला बांधले गेले. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. मे महिन्याच्या अखेरीस सुमारे ८,४०० मीटर उंचीवर एका लहान तंबूत त्यांनी रात्र काढली. झोपण्याच्या पिशव्या नाहीत, स्टोव्ह नाही. मेणबत्तीच्या ज्योतीवर बर्फ वितळवून दोन घोट पाणी केले. झोपलो तर गोठून मरू, म्हणून रात्रभर एकमेकांचे अंग चोळत बसले. सकाळी लाम्बेरने डोळ्याने शिखराची खूण केली आणि दोघे निघाले. सुमारे ८,६०० मीटरपर्यंत ते गेले. तोवर एवढ्या उंचीवर माणूस पोचल्याची खात्रीलायक नोंद नव्हती. पुढे शक्य नाही हे दोघांना एकदमच उमगले आणि ते परतले. 'सा वा बियाँ', म्हणजे ठीक चालले आहे, एवढे फ्रेंच तेनसिंगला पुरले. पुढच्या वर्षी, २९ मे १९५३ रोजी, तो हिलरीबरोबर शिखरावर उभा राहिला तेव्हा त्याच्या गळ्यात लाम्बेरने दिलेला तांबडा रुमाल होता. ज्या माणसाबरोबर आपण हरलो, त्याला जिंकण्याच्या दिवशी बरोबर नेणे हे मला शिखरापेक्षाही मोठे वाटते.

आपल्याकडचेही एक उदाहरण सांगतो. मुंबईचे हरीश कपाडिया यांचे नाव हिमालयात भटकणाऱ्यांना ठाऊक आहे. १९७४ साली नंदादेवीच्या परिसरात देवटोली शिखराच्या मोहिमेत ते हिमभेगेत पडले आणि त्यांचा खुबा निखळला. सोबत्यांनी त्यांना तेरा दिवस वाहून तळापर्यंत आणले, तेथून हेलिकॉप्टरने त्यांची सुटका झाली. पुढची दोन वर्षे ते कुबड्यांवर होते, आणि त्यानंतर पुन्हा हिमालयात गेले. तेरा दिवस! एका पोत्याला गाडीपासून गोदामापर्यंत नेताना हमाल पावले मोजतो. जिवंत माणसाला बर्फावरून तेरा दिवस वाहणाऱ्यांनी काय मोजले असेल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

महाराष्ट्रात या छंदाची पाळेमुळे बरीच जुनी आहेत. मुंबईत गिरिविहार ही संस्था १९५४ साली निघाली. गो. नी. दांडेकरांनी तर गडकिल्ल्यांच्या पायी दोन-तीन पिढ्यांना वेड लावले. तेराव्या वर्षी शाळा सोडून स्वातंत्र्यलढ्यात गेलेल्या या माणसाने चालत चालतच शिक्षण घेतले, म्हणून मला त्यांच्याविषयी विशेष ममत्व आहे. असो.

पण या साऱ्याच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती डोंगरप्रेमी सहसा बोलत नाहीत. ती म्हणजे सुट्टी. मित्र व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ दुसऱ्याच्या मालकीचा असेल तर मैत्री गेटपाशीच थांबते. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून तिची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यातही साप्ताहिक सुट्टीचे कलम आले.

सुट्टी मिळाली की कामगार काय करतो? दारूच्या दुकानात जातो, असे त्या काळचे प्रतिष्ठित लोक म्हणत. व्हिएन्नात १८९५ साली जॉर्ज श्मीडल नावाच्या शाळामास्तराने कामगारांच्या वर्तमानपत्रात एक छोटी जाहिरात दिली: निसर्गाची आवड असणाऱ्यांनी एकत्र यावे. अलोइस रोहरावर नावाचा एक लोहार आला, कार्ल रेनर नावाचा एक विद्यार्थी आला. आणखी कितीतरी आले. त्यातून 'निसर्गमित्र' ही कामगारांची संघटना उभी राहिली. त्यांचा नमस्कारच 'डोंगर मुक्त' असा होता. तो विद्यार्थी पुढे ऑस्ट्रियाचा राष्ट्राध्यक्ष झाला. १९३३ साली जर्मनीत आणि १९३४ साली ऑस्ट्रियात हुकूमशाहीने ही संघटना बंद पाडली. एकत्र डोंगर चढणाऱ्या माणसांची सत्तेला भीती वाटावी, यात सत्तेची अक्कल दिसते. इंग्लंडात किंडर स्काउट नावाचा माळ एका सरदाराने शिकारीसाठी राखून ठेवला होता. २४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारी, बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढारीपणाखाली सुमारे चारशे जण त्या माळावर सरळ चालून गेले. बहुतेक मँचेस्टरकडचे कामगार. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ साली तेथे राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, आणि २००२ साली त्या सरदाराच्या नातवाने आजोबांच्या कृत्याबद्दल जाहीर माफी मागितली. आमच्या लोखंड्यांची सभाही २४ एप्रिलचीच, हा निव्वळ योगायोग. पण मला तो आवडतो.

आपले हत्तीबेटही या बाबतीत मागे नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाविरुद्ध लढणाऱ्या तरुणांनी याच टेकडीचा आसरा घेतला होता. आज तेथे सहलीच्या गाड्या लागतात, आणि ते चांगलेच आहे.

मैत्री झाली म्हणजे भांडण मिटले, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. आमच्याबरोबर येणारे एक मुनीम आहेत. दर काही वर्षांनी हमालीच्या दराची बोलणी होतात तेव्हा ते आडत्यांच्या बाजूला वही उघडून बसतात आणि मी समोर. एका वर्षी काम अकरा दिवस बंद होते. त्या अकरा दिवसांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, आणि त्यांच्या वहीतली एक ओळही मी त्यांना विचारली नाही. विचारली असती तर त्यांनी सांगितली नसती, आणि मग पुढे कधी डोंगरावरही ते आले नसते. समेट झाल्यावर महिन्याभराने वेळअमावास्या आली. त्या दिवशी सारे लातूर शेतावर जाते. बाजारात कुत्रेही दिसत नाही. मुनीमजींचा निरोप आला, "आमच्या शेतावर यावं." आंबील आणि भज्जी खाताना दराचा विषय निघाला नाही.

आज मला चिंता वाटते ती तरुणांची. बाजारातल्या जुन्या हमालाला निदान बाजारबंदीचा दिवस ठाऊक होता. आता आमच्या शहरांत पहारेकरी, घरपोच माल पोचवणारी मुले, कंत्राटावरचे सफाई कामगार यांची संख्या वाढली आहे. बारा-बारा तासांची पाळी, आणि सुट्टी घेतली तर त्या दिवसाचा पैसा नाही. त्यांच्या मोबाइलमध्ये शेकडो नावे असतात. पण एखाद्याचा बाप वारला तर खांदा द्यायला कोण येईल, असे विचारले की तो गावाकडचीच नावे सांगतो.

ज्यांना यावयाचे असेल त्यांनी जरूर यावे. श्रावणापासून माघापर्यंतचे दिवस चांगले. पुढे ऊन सोसवत नाही. पाच-सहा जणांपेक्षा जास्त नकोत, नाहीतर ती मिरवणूक होते. पाणी ज्याने त्याने आणावे आणि सर्वांनी प्यावे.

गेल्या हिवाळ्यात खरोशाला आमच्याबरोबर एक पहारेकरी मुलगा आला. रात्रपाळी संपवून तो थेट गाडीत बसला होता. चढ फारसा नाही, तरी अर्ध्या वाटेवर त्याचे डोळे मिटू लागले. लेण्यांपाशी पोचताच तो सावलीत आडवा झाला आणि गाढ झोपला. आमचे म्हातारे मापाडी त्याच्या उशाशी बसून राहिले; बाकीचे आम्ही लेणी पाहून आलो. परतताना त्याने विचारले, "काका, पुढच्या टायमाला मला जागं ठेवसाल का?" त्याच्या एजन्सीकडे साप्ताहिक सुट्टीच्या मागणीचा अर्ज आम्ही दिला आहे. त्यावर त्याच्यासह बावीस मुलांच्या सह्या आहेत. उत्तर अजून आलेले नाही.